जोडलेली कवळी त्याच सांध्यात पुन्हा तुटते तेव्हा

वरची कवळी मधोमध तुटली, जोडली आणि पुन्हा तिथेच गेली, तर आधी ओल बघा. अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, तोंडात पाणी पितं. ओलसर कडेवर नवा थर धरत नाही, सांधा पांढुरका दिसतो.

कडा बरने (फिरत्या कातणीच्या टोकाने) 45 अंशांत तासून मध्ये 3 मिमी फट ठेवतो. त्या कोरड्या करतो, पण गरम हवेने नाही. त्याने कवळी वाकडी होते. मग कडांना 3 मिनिटं मोनोमर, म्हणजे अॅक्रिलिकचा द्रव, लावत राहायचं (इथेच सगळे घाई करतात). तुकडे ज्यावर बसवतो त्या प्लास्टरच्या साच्यावर अल्जिनेटचं सेपरेटर (अॅक्रिलिक चिकटू न देणारा थर), तेही पूर्ण सुकलेलं. फटीत सेल्फ-क्युअर (आपोआप घट्ट होणारं अॅक्रिलिक) भरून प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, 45 अंश सेल्सिअसचं पाणी, 2 बार, 15 मिनिटं. पॉलिशनंतर 24 तास पाण्यात. उरलेलं मोनोमर बरंचसं निघून जातं.