बायबलमधली माणसं, गावं आणि वस्तू : अर्थ लावण्याआधी या चुका टाळा

‘याकोबाचा मृत्यू कसा झाला?’ संडे स्कूलच्या क्विझमध्ये हा प्रश्न टाकून बघा. एक मूल म्हणेल, मिसर देशात, अंथरुणावर, बारा मुलगे भोवती असताना. दुसरं म्हणेल, हेरोद राजाने तलवारीने मारलं. घरात थोडा इतिहास वाचला जात असेल, तर तिसरं सांगेल की यरुशलेमेत दगडमार करून मारलं. तिघांनाही गुण द्यावे लागतील. पहिला याकोब इसहाकाचा मुलगा, दुसरा जब्दीचा मुलगा आणि येशूचा प्रेषित, तिसरा ‘प्रभूचा भाऊ’. या तिसऱ्याच्या मृत्यूची नोंद योसेफस या यहुदी इतिहासकाराने केली आहे, ती इ.स. ६२ च्या घटनांमध्ये. इंग्रजी वाचणाऱ्याला पहिला जेकब आणि बाकीचे दोघे जेम्स अशी थोडी तरी मदत मिळते. मराठीत तिघेही याकोबच.

बायबलमधल्या नावाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न तिसऱ्या नंबरावर यायला हवा. आधी हा नेमका कोणता, मग तो कुठला, आणि त्यानंतर अर्थ. हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं बिनसतं. मेसेजमधून फिरणाऱ्या ‘बायबलमधील १०० नावे व अर्थ’ छापाच्या याद्या पहिल्या दोन पायऱ्या गाळूनच सुरू होतात.

एका नावाची अनेक माणसं

‘यहूदा’ दिसला की विश्वासघातकीच, असं धरून चालू नका. याकोबाचा चौथा मुलगा यहूदा, त्याच्या वंशाचं राज्य यहूदा, नव्या करारातलं एक छोटं पत्र यहूदाचं, आणि बारा शिष्यांतही यहूदा दोन. हा घोळ शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही जाणवला होता. योहान १४:२२ मध्ये तो दुसऱ्या यहूदाला बोलतं करतो आणि लगेच सांगतो की हा इस्कर्योत नव्हे. जुन्या काळचा लेखक एवढी काळजी घेतो, तर वाचकाने थोडी घ्यायला काय हरकत आहे?

हेरोदाचंही तेच. बेथलेहेमातल्या बाळांना मारवणारा थोरला हेरोद. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर कापवणारा आणि येशूला पिलाताकडे परत पाठवणारा त्याचा मुलगा अंतिपा. जब्दीच्या याकोबाला मारणारा नातू अग्रिप्पा. आणि कैसरीयात पौलाचं बोलणं ऐकून घेणारा पणतू, तोही अग्रिप्पा. चौघांना एक समजलं तर त्या हेरोदाला शंभरीपार जगवावं लागतं.

शौलाबद्दलची चूक तर प्रवचनांतून पक्की झालेली आहे. ‘दिमिष्काच्या वाटेवर देवाने शौलाचं नाव बदलून पौल ठेवलं.’ प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय पुन्हा वाचा. तिथे नाव बदलल्याचा एक शब्द नाही. त्यानंतरचे चार अध्याय तो शौलच आहे. १३:९ मध्ये, कुप्र बेटावर, लेखक जाता जाता सांगतो की शौलाला पौलही म्हणत. एक नाव घरचं, इब्री. दुसरं रोमन जगात वावरायचं. अब्रामाचा अब्राहाम झाला तो प्रसंग वेगळा, तिथे नाव बदलणं हीच गोष्ट आहे. पौलाच्या नावावर ‘जुना माणूस गेला, नवा आला’ असा संदेश उभारणाऱ्यांनी त्यासाठी दुसरा आधार शोधावा.

पण सगळ्यात मोठा अन्याय झाला तो मग्दालीया मरीयेवर. तिला ‘पापी स्त्री’, अगदी वेश्यासुद्धा म्हटलं जातं. चित्रांत, नाताळ-ईस्टरच्या नाटकांत, कीर्तनवजा भाषणांत, सगळीकडे. लूक काय सांगतो? ८:२ मध्ये ती पहिल्यांदा येते, तिच्यातून सात भुतं निघाली होती एवढीच तिची पूर्वकहाणी, आणि ती येशूसोबत फिरणाऱ्या, स्वतःच्या पैशाने मदत करणाऱ्या स्त्रियांपैकी होती. त्याआधीच्या सातव्या अध्यायात परूश्याच्या घरी रडत येऊन येशूच्या पायांना तेल लावणारी पापी स्त्री आहे, तिला लूकने नावच दिलेलं नाही. आणि योहानाच्या बाराव्या अध्यायात पायांना तेल लावणारी मरीया ही बेथानीची, मार्था आणि लाजराची बहीण. तीन स्त्रिया, त्यांतल्या शेवटच्या दोघींचा तेल-केस-पाय हा साधारण सारखा प्रसंग. इ.स. ५९१ मध्ये पोप पहिले ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिघींना एकच ठरवलं आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ते शतकानुशतकं चाललं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने हा गोंधळ कधी स्वीकारला नाही. कॅथलिक चर्चने १९६९ च्या दिनदर्शिका सुधारणेत तिला पुन्हा वेगळं केलं आणि २०१६ मध्ये २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा दिला. आपल्या नाटकांपर्यंत मात्र ही बातमी अजून पोचायची आहे.

ती गल्लत टाळायची रीत सोपी आहे. नावाला चिकटलेला शब्द बघायचा: ‘मग्दालीया’, ‘जब्दीचा’, ‘इस्कर्योत’, ‘क्लोपाची’. तो नसेल तर पुस्तक आणि अध्याय. फक्त ‘मरीया’ किंवा ‘योहान’ लिहून टिपण काढलं तर महिन्याभराने ते आपल्यालाच उलगडत नाही.

नकाशा न उघडता वाचणं

प्रेषितांची कृत्ये १६:६ मध्ये पवित्र आत्मा पौलाला आशियात वचन सांगू देत नाही. ‘म्हणजे आपल्या खंडाला तेव्हा नकार होता आणि सुवार्ता आधी युरोपला गेली’ असं स्पष्टीकरण मी गंभीर चेहऱ्याने दिलेलं ऐकलं आहे. तिथला आशिया म्हणजे रोमन साम्राज्याचा एक प्रांत. आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम भाग, आणि त्याचं मोठं शहर इफिस. प्रकटीकरणातल्या आशियातल्या सात मंडळ्या त्याच टापूत बसतात. शिवाय पौल हे ऐकतो तेव्हा तो आपल्या अर्थाने आशिया खंडातच उभा आहे! आणि पुढे तोच पौल इफिसात दोन वर्षांहून जास्त राहिला, म्हणजे तो नकारही कायमचा नव्हता.

एस्तेरच्या पुस्तकाची पहिलीच ओळ हिंदुस्थानाचं नाव घेते: अहश्वेरोश राजाची सत्ता हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत. हे वाचून ऊर भरून येतो, यायलाही हरकत नाही, पण इराणी साम्राज्याच्या ताब्यात होता तो सिंधू नदीचा प्रदेश. आपला दख्खन त्यात धरू नका. कूश म्हणजे आजचा इथिओपिया असंही पटकन लिहिलं जातं. तो मुख्यतः मिसराच्या दक्षिणेचा नाईलकाठ, आजच्या सुदानकडचा.

जोडगावांची यादी लांबेल, त्यातली नेहमी अडणारी दोन सांगतो. कर्नेल्य या रोमन अधिकाऱ्याच्या घरी पेत्र गेला तो समुद्रकाठचा, थोरल्या हेरोदाने बांधलेला कैसरीया. ‘तू ख्रिस्त आहेस’ असं पेत्र म्हणाला तो फिलिप्पाचा कैसरीया, पार उत्तरेला, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी. या दुसऱ्याची आणि मासेदोनियातल्या फिलिप्पैची सरमिसळ होते ती वेगळीच. अंत्युखियाही दोन. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं ते सिरियातल्या अंत्युखियात. पौल आणि बर्णबाला हाकलून दिलं ते पिसिदियातल्या.

गालीलच्या ‘समुद्रा’ला कोकणचा समुद्र समजू नका. ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, साधारण २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. गनेसरेत आणि तिबिर्य ही त्याचीच नावं. म्हणजे इथे चूक उलटी होते, तीन नावं आणि पाणी एकच. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात माणूस यरुशलेमेहून ‘खाली’ यरीहोस जातो, तेही अक्षरशः घ्यायचं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो सपाटीच्याही अडीचशे मीटर खाली, आणि मधलं अंतर जेमतेम २५ किलोमीटर. ओसाड, वळणावळणाचा उतार. लुटारूंना आणखी काय हवं?

एकसारख्या गावांचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. कोकणातल्या बेने इस्राएली या यहुदी समाजाची श्रद्धा आहे की एलीया संदेष्टा, त्यांचा एलियाहू हन्नाबी, खंडाळ्याला येऊन गेला. तिथल्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. हे खंडाळा अलिबागजवळचं, बोरघाटातलं नव्हे. आणि रथाचा विषय निघालाच आहे तर: एलीया अग्निरथात बसून स्वर्गात गेला असं जवळपास प्रत्येक चित्र दाखवतं. २ राजे २:११ प्रमाणे अग्निरथ आणि घोडे आले ते त्याला आणि त्याचा शिष्य अलीशाला वेगळं करायला. एलीया वर गेला तो वावटळीतून.

वस्तू : रुपये, ऊद आणि जटामांसी

जुन्या मराठी भाषांतरात यहूदा इस्कर्योताला ‘तीस रुपये’ मिळतात. मुलं हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. तिथे रुपया म्हणजे चांदीचं नाणं. ही नाणी बहुधा सोर शहरातली शेकेल होती. एक शेकेल म्हणजे चार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब करा: १२० दिवसांची मजुरी. निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या गुलामाची भरपाईही तीस शेकेलच आहे.

आता हे बेथानीच्या मरीयेच्या तेलाशेजारी ठेवून बघा. योहान सांगतो, ते शुद्ध जटामांसीचं होतं, रोमन मापाने एक पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. ते ३०० दिनारांना विकलं गेलं असतं असं कुरकुरणारा माणूस कोण? हाच यहूदा. ज्या तेलाच्या उधळपट्टीवर तो बोलला, त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत त्याने गुरूला विकलं. जटामांसी तीच, जी आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते आणि केसांच्या तेलात पडते. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवते, म्हणून यरुशलेमेत तिचा भाव तसा. वस्तूचा ‘आत्मिक अर्थ’ शोधण्याआधी तिची किंमत आणि तिचा प्रवास कळला, तर अर्धा अर्थ तिथेच हाती लागतो.

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी, म्हणजे ज्ञानी लोकांनी, आणलेला ऊद हा आपल्या धुपाटण्यातला ऊद असेलच असं नाही. तो दक्षिण अरबस्तान आणि सोमालियातल्या झाडांचा डिंक. सातपुड्यातली सालई त्या झाडांची जवळची नातेवाईक. गंधरस म्हणजे हिराबोळ, बाळंतिणीच्या औषधांतला. सोनं राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मरणासाठी हा अर्थ जुन्या चर्चपरंपरेचा आहे. मत्तय तो सांगत नाही. मागी तीन होते असंही तो म्हणत नाही. भेटी तीन, त्यावरून माणसं मोजली गेली.

आणखी काही झटपट. एदेनमधल्या फळाला सफरचंद म्हटलेलं नाही. योनाला गिळणारा ‘मोठा मासा’ आहे, देवमासा ही पुढची भर. निवासमंडपातला, म्हणजे मोशेच्या काळच्या उपासनेच्या तंबूतला, दीपवृक्ष म्हणजे आपली समई नव्हे. त्याला मधल्या खांबापासून दोन्ही बाजूंना फुटलेल्या सहा शाखा होत्या, आणि रोममधल्या तीताच्या कमानीवर नंतरच्या मंदिरातल्या दीपवृक्षाचं शिल्प आजही दिसतं. इंग्रजी व्हिडिओ बघून ‘आर्क’ लिहिणाऱ्यांनी नोहाचं तारू आणि दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेला कराराचा कोश यांची अदलाबदल करू नये. मराठीत दोन स्वच्छ शब्द असताना हा उद्योग कशाला?

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो. तिथलं ‘सुईचं नाक’ हा यरुशलेमेचा एक बुटका दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यांवर आत जायचा, ही गोष्ट फार लाडकी आहे. येशूच्या काळात अशा नावाचा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. आणि गोष्टीने वचनाची धारच जाते. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग कोणाचं तारण होणार? उत्तर येतं, माणसांना हे अशक्य आहे. गुडघे टेकून जमणारी गोष्ट अशक्य कशी? मुख्य याजक परमपवित्र स्थानात मेला तर बाहेर ओढता यावा म्हणून त्याच्या पायाला दोर बांधत, हेही तसंच. निर्गम २८ मध्ये झग्याला सोन्याच्या घंटा आणि डाळिंबं आहेत, दोर नाही.

आता अर्थ

काही ठिकाणी शास्त्र स्वतःच नावाचा अर्थ सांगतं, आणि तिथे तो महत्त्वाचा असतो. मरताना राहेल मुलाचं नाव बेनओनी ठेवते, ‘माझ्या दुःखाचा मुलगा’. याकोब ते बदलून बन्यामीन करतो. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परतलेली नामी गावातल्या बायांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. ‘गोड’ नको, ‘कडू’ म्हणा. अबीगईल आपल्या नवऱ्याबद्दल सांगते, नाबाल त्याचं नाव आणि तसाच मूर्खपणा त्याच्यात. हे वाचताना अर्थ सोडून चालणारच नाही.

जिथे शास्त्र गप्प आहे तिथे जपून. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायातली दहा नावं ओळीने लावून त्यांतून सुवार्तेचं वाक्य बनवणारा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यात मथुशलह म्हणजे ‘त्याचा मृत्यू झाल्यावर ते पाठवलं जाईल’ असा अर्थ धरतात. इब्रीचे जाणकार बहुतेक ‘भाल्याचा माणूस’ किंवा तत्सम काही सुचवतात. गंमत म्हणजे आकडे जुळतात: लामेख जन्मला तेव्हा मथुशलह १८७ वर्षांचा, नोहा जन्मला तेव्हा लामेख १८२ वर्षांचा, जलप्रलय नोहाच्या ६०० व्या वर्षी. बेरीज ९६९, मथुशलहाचं वय बरोबर तेवढंच. म्हणजे तो प्रलयाच्या वर्षीच मेला. हे निरीक्षण खरं आहे, पण ते आकड्यांचं आहे, नावाचं नाही. आणि जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत आकडे असे पडतात की मथुशलह प्रलयानंतर १४ वर्षं जगतो, तारवात नसताना!

मोशेच्या नावाचा अर्थ ‘पाण्यातून काढलेला’ असा निर्गम २:१० देतं. तो इब्री शब्दावरचा खेळ आहे. फारोच्या मुलीने ठेवलेलं नाव मुळात मिसरी असावं, थुटमोस या राजनावातल्या शेवटासारखं, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवायला अडचण नाही, फक्त कोणती कुठून आली ते माहीत हवं. बाळाचं नाव ठेवायला अर्थ शोधत असाल तर यादीतल्या अर्थासमोर अध्याय आणि वचन दिलंय का ते बघा. नसेल, तर तो अंदाज समजा.

शेवटी शोधण्याबद्दल. मोबाइलवरच्या बायबल अ‍ॅपमध्ये नाव टाकलं आणि काहीच सापडलं नाही, तर बहुतेक वेळा दोष ऱ्हस्व-दीर्घाचा असतो. मरिया की मरीया, एलिया की एलीया, यरुशलेम की येरुशलेम, प्रत्येक आवृत्ती आपापलं लिहिते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट आवृत्त्यांत तर सर्रास फरक पडतो. पूर्ण नाव टाकू नका, जिथे फरक पडत नाही तेवढीच अक्षरं टाका: ‘रुशले’, ‘बेथ’, ‘अंत्यु’. विभक्तीची रूपंही त्यात आपोआप येतात. निकाल जास्त निघतील, पण निदान कोणता याकोब कुठे बसतो ते एका नजरेत दिसेल.