संत्र्याच्या सालीवर बॅसिलस वाढवताना

नोव्हेंबरात नागपूरच्या कळमना मार्केटमागच्या सडक्या संत्र्यांच्या ढिगाखालची चमचाभर माती मी बाटलीत भरून आणली, तिथून माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट सुरू झाला. बॅसिलस या बॅक्टेरियाकडून पेक्टिनेज, म्हणजे सालीतलं चिकट पेक्टिन तोडणारं एन्झाइम, करून घ्यायचं, तेही संत्र्याच्या सालीवर. हाच विषय घेणार असाल तर माझे दोन महिने कुठे गेले ते आधी वाचा.

जिवाणू मिळवणं तसं सोपं आहे. माती पाण्यात कालवून 80 अंशांवर दहा मिनिटं ठेवली की बाकीचे बहुतेक मरतात, बॅसिलसचे बीजाणू टिकतात. मग डायल्यूशन करून, म्हणजे पाण्यात पातळ करत नेऊन, पेक्टिन घातलेल्या अगारच्या प्लेटवर पसरवायचं. वाढ झाल्यावर प्लेटवर आयोडीन ओतलं आणि तपकिरी रंगात एका वसाहतीभोवती रुपयाच्या नाण्याएवढं स्वच्छ वर्तुळ उमटलं, म्हणजे तिथलं पेक्टिन तुटलं होतं. ते वर्तुळ मला आजही डोळ्यांसमोर दिसतं.

अडलं ते पुढे. साली वाळवल्या, दळल्या, फ्लास्कमध्ये भरून ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) केल्या, वाढवलेल्या जिवाणूंचं कल्चर टाकलं. चार दिवस काहीच नाही. तेच कल्चर गव्हाच्या कोंड्यावर मात्र जोमानं वाढत होतं. मला वाटलं, आपलाच हात चुकतोय. दोष सालीतल्या तेलाचा होता. त्यातलं लिमोनीन जिवाणूंना वाढू देत नाही, शिवाय साल आंबट. नंतर मी साली बारीक चिरून कोमट पाण्यानं दोन-तीनदा धुतल्या, उन्हात कडकडीत वाळवल्या, पीएच 7 वर आणला आणि अर्धा कोंडा मिसळला. मग वाढ झाली. साली उकळू मात्र नका, जे पेक्टिन हवंय तेच पाण्यात उतरतं.

दुसरी चूक जास्त महागात पडली. पेक्टिन तुटून किती साखर सुटली ते रंगावरून मोजायच्या डीएनएस पद्धतीत साखर जितकी जास्त तितका रंग गडद, आणि 540 नॅनोमीटरवर रीडिंग. माझ्या नळ्या विटकरी लाल झाल्या, मी हरखले. पण संत्र्याच्या सालीत मुळातच साखर असते! उकळून निकामी केलेल्या एन्झाइमची नळी शेजारी ठेवली, तर तीही जवळपास तितकीच लाल. आधीची सगळी आकडेमोड बाद. ही नळी, म्हणजे ब्लँक, पहिल्या दिवसापासून लावा.

पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) किंवा धानाचं तणस घेऊन सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, करणार असाल तर त्यातलं टणक लिग्निन आडवं येतं, आधी अल्कलीची प्रक्रिया करावी लागते. पहिल्याच प्रोजेक्टला मी ते सुचवणार नाही.

शेकरचं, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावरचं, काम मार्चअखेर उरका. मेमध्ये नागपूरचा पारा 45 ला टेकतो, आणि साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. 37 वर लावलेलं कल्चर बिनएसीच्या खोलीत 42 वर जातं. क्रूड (शुद्ध न केलेलं) एन्झाइमही टेबलावर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये.

मला हा विषय जवळचा वाटतो त्याला कारण आहे. कच्च्या सुतावरचं पेक्टिन आणि मेण काढायला कारखान्यात ते कॉस्टिक सोड्यात उकळतात, तेच काम बॅसिलसचं अल्कलाइन पेक्टिनेज कमी तापमानाला करतं. संत्रं आपलं, कापूसही आपलाच.

नोकरीच्या मुलाखतीत मला पहिला प्रश्न आला तो एन्झाइम मोजायच्या युनिटचा: मिनिटाला एक मायक्रोमोल म्हणजे काय, आणि ब्लँक काय ठेवला होता? दोन्हींची उत्तरं तोंडपाठ नव्हती, हातपाठ होती.

साली अंबिया बहरात, म्हणजे संत्र्याच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या हंगामातच, एकाच ज्यूसवाल्याकडून वर्षभराच्या गोळा करा. मृग बहराच्या, म्हणजे दुसऱ्या हंगामाच्या, साली मध्येच मिसळल्या तर आकडे जुळत नाहीत.