“ही मुलं सकाळी काय खातात?”

निधी संकलनाच्या कामाला लागले तेव्हा मी २६ वर्षांची होते. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. आईबापांबरोबर मुलंही जातात आणि पुढचे पाच-सहा महिने त्यांची शाळा बुडते. ती बुडू नये म्हणून आमची संस्था गावातच हंगामी वसतिगृह चालवते. त्यासाठी पुण्यात पैसे उभे करणं हे माझं काम.

पहिल्याच महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेकडे गेले. माहितीपत्रक पुढे ठेवलं, भरभरून बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अगं, ही मुलं सकाळी काय खातात?” मला सांगता येईना. “बघून ये, मग सांग,” म्हणाल्या. चहा मिळाला, चेक मिळाला नाही.

पुढच्याच आठवड्यात एसटीने गेले. पहाटे पाचला स्वयंपाकघरात जाऊन बसले. मावशी परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चहा. एक मुलगी ताट घेतल्याबरोबर आधी धाकट्या भावासाठी अर्धी भाकरी बाजूला काढत होती. मावशी तिला रोज सांगायच्या, “त्याला वेगळी आहे गं, तू खा.” परत येऊन बाईंना एवढंच सांगितलं. त्यांनी कपाटातून चेकबुक काढलं.

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: आधी जागेवर जाऊन राहा. सादरीकरण नंतर शिकता येतं.

नकार भरपूर मिळतात. फोन उचलले जात नाहीत, तासभर बसवून ठेवतात. मला त्याचा खूप त्रास व्हायचा. पुण्यात भाऊबीज निधीच्या, म्हणजे मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबिजेच्या निमित्ताने गोळा होणाऱ्या देणग्यांच्या, पावत्या घेऊन घरोघर जाणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. त्यांची आठवण काढून पुढच्या दारावर जायचे.

पावतीला कधी उशीर करू नका. देणगीवरच्या करसवलतीच्या (८०जी) प्रमाणपत्रासाठी दात्याचा पॅन लागतो, तो त्याच दिवशी लिहून घ्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही, हेही आधीच सांगा. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही, त्यामुळे करसवलतीच्या भरवशावर मार्च महिना काढू नका.

कंपन्यांचे पैसे मोठे असतात. किमान ५०० कोटी रुपये नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ते), १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तरी त्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पण दप्तरांना पैसे पटकन मिळतात, मावशींच्या पगाराला मिळत नाहीत. इथे मी अजूनही भांडते. मावशी नसतील तर त्या दप्तरवाल्या मुलीला भाकरी कोण देणार?

दुसरी अडचण वेळेची. एका वर्षी एका कंपनीने ऑगस्टमध्ये मंजुरी दिली आणि पैसे आले जानेवारीत. मुलं तर दिवाळीपासून वसतिगृहात होती. दोन महिने किराणा उधारीवर चालला. दुकानदार भला माणूस, पण डिसेंबरात त्यानेही हात जोडले. त्या रात्री मला झोप लागली नाही. छोट्या दात्यांची यादी काढली आणि सकाळपासून फोन केले, जे आहे ते स्पष्ट सांगितलं. कुणी ५०० दिले, कुणी ५,०००. बाईंचा चेक तिसऱ्या दिवशी आला. म्हणूनच सांगते, कितीही मोठी कंपनी मिळाली तरी ही यादी सोडू नका. काही मागायचं नसतानाही वर्षातून दोनदा तरी त्यांना फोन करा.

उधारी चुकती करायला मी स्वतः गेले. दुकानदाराने वहीतल्या आमच्या पानावर आडवी रेघ मारली, ती अजून डोळ्यांपुढे आहे. तिथूनच बाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, “आणि पुढच्या महिन्याचं पीठ भरलंस का?”