हेलिकॉप्टर इंजिनाच्या एलएलपींचा हिशेब: या चुका टाळा

टर्बाइनची डिस्क बाहेरून नवीकोरी दिसते, बोरोस्कोपमध्ये (आत डोकावायच्या नळीच्या कॅमेऱ्यात) एक ओरखडाही सापडत नाही, तरी ठरवून दिलेल्या सायकल्स (तापून थंड होण्याचे फेरे) संपल्या की ती उतरवावीच लागते. अशा ठरावीक आयुष्याच्या भागांना एलएलपी (लाइफ लिमिटेड पार्ट) म्हणतात. नव्या मुलांना हे पटायला वेळ लागतो. एरिएलसारख्या छोट्या हेलिकॉप्टर इंजिनाचा गॅस जनरेटर (कॉम्प्रेसर आणि तो फिरवणारी टर्बाइन) मिनिटाला पन्नास हजारांहून जास्त फेरे घेतो. प्रत्येक स्टार्टला डिस्क तापते, ताणली जाते; इंजिन बंद झालं की थंड होऊन सैल पडते. या चढउतारांनी धातू आतून थकतो आणि फुटलेल्या डिस्कचे तुकडे इंजिनाचं आवरण अडवू शकेलच असं नाही. तडा दिसण्याच्या कितीतरी आधी भाग काढायचा असतो आणि तो दिवस ठरवणारी गोष्ट एकच: कागदावरचा आकडा. म्हणून या कामाला कारकुनी म्हटलेलं मला अजिबात चालत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा 'एक स्टार्ट म्हणजे एक सायकल' या समजुतीने होतो. काही इंजिनांत ते खरंही आहे. रोल्स-रॉइस 250 मालिकेत सायकल स्टार्टवरून मोजतात, आणि तास किंवा सायकल यांपैकी जे आधी संपेल ते लागू होतं. एरिएलचं गणित वेगळं. तिथे गॅस जनरेटरच्या वेगावरून (एनजी) मोजलेल्या सायकल्स निराळ्या, रोटर फिरवणाऱ्या पॉवर टर्बाइनच्या वेगावरून (एनएफ) मोजलेल्या निराळ्या, आणि इंजिन बंद न करता एनजी खाली येऊन पुन्हा वर गेला तर त्याचीही अंशतः सायकल धरावी लागते. फाटा गावातून केदारनाथला जाणारी हेलिकॉप्टर शटल डोळ्यांसमोर आणा. काही मिनिटांची फेरी, खाली उतरायचं, रोटर फिरतच ठेवून माणसं बदलायची, पुन्हा वर. सकाळभरात स्टार्ट एकच, पण डिस्कने सोसलेले चढउतार कितीतरी. मुंबई हायवर एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्या हेलिकॉप्टरांचंही तसंच. अशा कामात नुसते स्टार्ट मोजले, तर वहीतला आकडा खऱ्यापेक्षा कमी राहतो आणि ही तूट रोज वाढत जाते.

एएस 350 बी3 हेलिकॉप्टरमध्ये व्हीईएमडी (कॉकपिटमधला इंजिनाचे आकडे दाखवणारा पडदा) इंजिन बंद झाल्यावर फ्लाइट रिपोर्टच्या पानावर सायकल्स दाखवतो. पायलटने ते पान न उतरवताच बॅटरी बंद केली, की त्या दिवशीचा आकडा दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरला जातो. अंदाज भरू नका. व्हीईएमडीचा इतिहास उघडून आकडा घ्या. तोही मिळत नसेल, तर मॅन्युअलमधल्या पद्धतीने हाताने काढा आणि टेक लॉगमध्ये (हेलिकॉप्टरच्या उड्डाण-दुरुस्तीच्या नोंदवहीत) तसं स्पष्ट लिहा. व्हीईएमडी बदलला असेल, तर जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याची सुरुवात दोन्ही नोंदवा.

ग्राउंड रन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवणं, हमखास सुटतो. पॉवर चेकसाठी इंजिन चालवलं, हेलिकॉप्टर जमिनीवरून हललंही नाही, त्यामुळे टेक लॉगमध्ये उड्डाण नाही आणि सायकलही नाही. पण डिस्क तापली होती ना? कॉम्प्रेसर वॉशसाठी इंधन न देता नुसतं फिरवणं निराळं, तिथे आग पेटत नाही.

तासांच्या बाबतीत एक साधी चूक: दीड तास 1.30 असा लिहिला जातो आणि एक्सेल त्याला 1.3 तास समजतं. दर वेळी 12 मिनिटं गायब. दशांश की मिनिटं, हे एकदा ठरवा आणि वहीपासून सॉफ्टवेअरपर्यंत तेच ठेवा.

आता मॉड्यूल, म्हणजे इंजिनाचे सुटे काढता येणारे विभाग. एरिएलमध्ये पाच मॉड्यूल असतात आणि ती एका इंजिनातून दुसऱ्यात जातात. तिसरं मॉड्यूल बदललं, की त्यातल्या डिस्कचं आयुष्य इंजिनाच्या एकूण आकड्यावरून काढायचं नसतं. आकडा त्या सिरीयल नंबरचा असतो आणि तो भागाबरोबर प्रवास करतो. मॉड्यूल बसवताना त्याच्या लॉग कार्डावरचे (इतिहासाच्या कार्डावरचे) सिरीयल नंबर भागाचं स्वतःचं कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्याशी स्वतः ताडून पाहा. भाग इंजिनाच्या वेगळ्या व्हेरियंटमधून (उपप्रकारातून) आला असेल तर आणखी जपून. समजा एका व्हेरियंटमध्ये मर्यादा 6,000 होती, 3,000 वापरून झाल्या, म्हणजे अर्धं आयुष्य गेलं. दुसऱ्यात मर्यादा 10,000 असेल तर 7,000 उरल्या असं सरळ वजा करू नका. प्रमाणात धरलं तर 5,000 च उरतात. ही पद्धत लागू आहे की नाही, हेही मॅन्युअलच सांगणार.

ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीनंतर) 'इंजिन झिरो झालं' असं सर्रास बोलतात. झिरो होतो तो ओव्हरहॉलपासूनचा आकडा. तीच डिस्क परत बसली असेल तर जन्मापासूनच्या सायकल्स तिथेच असतात. तपासणीला मिळणारी तारखेची किंवा तासांची सवलतही एलएलपीला नसते. आणि एअरवर्दीनेस लिमिटेशन्सचं (मॅन्युअलमधल्या सक्तीच्या मर्यादांचं) नवं रिव्हिजन किंवा एडी (नियामकाचा सक्तीचा सुरक्षा आदेश) आली, की मर्यादा खाली येऊ शकते. सॉफ्टवेअर जुन्याच मर्यादेवर हिरवं दाखवत राहतं.

आकडे जुळत नसतील तर काय करायचं? दुरुस्तीच्या नावाखाली वही खोडू नका. व्हीईएमडी, लॉग कार्ड आणि सॉफ्टवेअर ज्या तारखेला शेवटचे जुळले होते तिथे जा आणि तिथून टेक लॉगचं एकेक पान पुढे वाचा. फरक बहुतेकदा मॉड्यूल बदल, ग्राउंड रन किंवा हरवलेल्या पानाशी सापडतो. तोवर सगळ्यांत मोठा आकडा खरा धरा. मर्यादा ओलांडलेली निघाली, तर हेलिकॉप्टर उभं करा, कॅमोला (उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेला) आणि निर्मात्याला कळवा, डीजीसीएकडे रिपोर्ट जाऊ द्या.

जन्मापासूनचा इतिहास सापडतच नसेल, तर फॉर्म 1 (भाग वापरायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) कितीही स्वच्छ असला तरी तो भाग बसवू नका. 2023 मध्ये विमानांच्या इंजिनांसाठी बनावट प्रमाणपत्रांसह सुटे भाग विकले गेल्याचं उघड झालं, तेव्हा अनेक विमान कंपन्यांना इंजिनं उघडून तपासावी लागली. आयुष्य संपलेली डिस्कही शेल्फवर शोपीस म्हणून ठेवू नका. ती वेगळी बंदिस्त ठेवा किंवा पुन्हा बसूच शकणार नाही अशी कापा, आणि कापल्याची नोंद सिरीयल नंबरसकट करा.