फुप्फुसातील गंभीर रक्तगुठळी : उपचार कोणत्या क्रमाने होतात

पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली, की अचानक धाप लागते, छातीत दुखते आणि काही रुग्ण उभ्या उभ्या कोसळतात. अशा वेळी ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला चालू देऊ नये. अलीकडचे ऑपरेशन, पूर्वीचा पक्षाघात किंवा मेंदूतील रक्तस्राव, गरोदरपण आणि चालू औषधे यांची माहिती डॉक्टरांना न विचारताच सांगावी, कारण पुढचा सर्वांत अवघड निर्णय तिच्यावरच अवलंबून असतो.

तातडी किती, हे गुठळीच्या आकारापेक्षा रक्तदाबावरून अधिक ठरते. अडथळ्यातून रक्त पुढे ढकलताना हृदयाचा उजवा कप्पा फुगतो, थकतो आणि डाव्या बाजूला पुरेसे रक्त पोहोचत नाही. वरचा रक्तदाब ९० च्या खाली जाऊन तिथेच रेंगाळला, किंवा तो टिकवण्यासाठी औषध द्यावे लागले, तर रुग्ण सर्वाधिक धोक्याच्या गटात येतो. रक्तदाब उतरला म्हणून भराभर सलाइन चढवणे इथे अंगाशी येऊ शकते, कारण आधीच ताणलेला कप्पा त्याने आणखी ताणला जातो. म्हणून सलाइन हात राखून देतात आणि रक्तदाब वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा आधार घेतात. व्हेंटिलेटरची नळी घालतानाही रक्तदाब कोसळू शकतो, त्यामुळे तो निर्णय शक्य तितका लांबवला जातो.

निदान सीटी अँजिओग्राफीने (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने) होते; रुग्णाला हलवणेच धोक्याचे असेल, तर खाटेजवळच इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. संशय दाट असेल आणि रक्तस्रावाची भीती नसेल, तर रिपोर्टची वाट न पाहता हेपरिन सुरू करावे. हेपरिन गुठळी विरघळवत नाही, तिची वाढ थांबवते. विरघळवण्याचे काम शरीर सावकाश करते. तेवढी सवड नसेल, तेव्हा गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज देतात, साधारणपणे १०० मिलिग्रॅम दोन तासांत. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्तदाब स्थिर असताना ते सहसा दिले जात नाही. नातेवाइकांना ही चालढकल वाटते, पण ती सावधगिरी असते. अशा रुग्णावर आयसीयूत लक्ष ठेवून तब्येत ढासळल्यास निर्णय बदलतात. हे औषध चालणार नसेल किंवा लागू पडले नाही, तर कॅथेटरने गुठळी ओढून काढणे किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग उरतात, आणि त्यासाठी वेळ मिळवायला काही ठिकाणी हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या एक्मो यंत्राचा आधार घेतात.

पुढे रक्त गोठू न देणारी गोळी किमान तीन महिने घ्यावी लागते. ठळक कारणाशिवाय गुठळी झाली असेल किंवा कर्करोग असेल, तर ती अधिक काळ चालते. गरोदरपणात गोळीऐवजी हेपरिनची इंजेक्शने देतात. गोळी वॉरफरिन असल्यास आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) बहुधा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत. तीन महिन्यांनंतरही जिना चढताना धाप लागत असेल, तर ती अशक्तपणाच्या खाती टाकू नये. जुनी गुठळी धमनीला चिकटून राहिली आहे का, हे इको आणि फुप्फुसाच्या स्कॅनने तपासून घ्यावे, कारण ती शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी असू शकते.