ग्रामीण रुग्णालयात रुग्णसुरक्षेसाठी मोबाईल कसा कामाला लावावा

रुग्णालयात मोठं काही घडलं की त्याची नोंद होते, चौकशी बसते, पेपरात बातमी येते. थोडक्यात टळलेली चूक मात्र कुठेच लिहिली जात नाही. सिरिंजमध्ये भलतंच इंजेक्शन भरलं होतं, पण टोचायच्या आधी दुसऱ्या सिस्टरचं लक्ष गेलं. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, पण वॉर्डबॉय मामांनी धावत दुसरा आणला. असल्या गोष्टी चहा पिताना सांगितल्या जातात आणि तिथेच विरतात. मोबाईलचा खरा उपयोग इथे आहे, आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

हे लिहिलंय ते वैद्यकीय अधीक्षक, पीएचसीचे (प्राथमिक आरोग्य केंद्राचे) डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांच्यासाठी. रुग्ण कल्याण समितीवर बसणाऱ्या सरपंचांनी वाचलं तरी चालेल; बैठकीत विचारायला चार प्रश्न मिळतील.

पायरी १ : ॲपच्या आधी धोका ठरवा

सगळंच एकदम मोजायला गेलात तर काहीच मोजून होणार नाही. आपल्या भागात, या हंगामात माणसं कशानं दगावू शकतात ते बघा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत रोवणी (भातलावणी) सुरू झाली की सर्पदंश. यवतमाळकडे कपाशीवर फवारणी सुरू झाली की विषबाधा. फवारणीच्या विषानं माणसं दगावली तो २०१७ चा हंगाम तिथं कोणी विसरलेलं नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच, म्हणजे ताप आणि अंगदुखी घेऊन आलेल्या पोराचं सिकलसेल कार्ड पाहिलं का, हाही सुरक्षेचाच प्रश्न. आणि बाराही महिने प्रसूतिकक्ष. यातले दोन निवडा, बाकीचे सहा महिन्यांनी.

तिसरा धोका मात्र सगळ्यांनी घ्यायचाच : वीज आणि उपकरणं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. त्यानंतर ‘बोर्ड गरम होतोय’, ‘जळका वास येतोय’ ही तक्रार लिहायला प्रत्येक रुग्णालयात जागा असायलाच हवी.

पायरी २ : फोनमध्ये आधीच काय आहे ते तपासा

औषधसाठ्यासाठी ई-औषधी आहे, लसींच्या साठ्यासाठी आणि तापमानासाठी ई-विन आहे, रक्तपेढीत कुठल्या गटाचं रक्त आहे ते ई-रक्तकोषवर दिसतं. सिस्टर आणि एएनएम (गावपातळीवरच्या परिचारिका) आधीच पोर्टल भरून वैतागल्या आहेत. त्यात तीच माहिती मागणारा आणखी एक फॉर्म नको.

जे आहे तेच नीट चालतंय का, एवढं आधी बघा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसच्या बाहेर गेली की ई-विनचा इशारा फोनवर येतो. कोणाच्या फोनवर? बदली होऊन गेलेल्या फार्मासिस्टचा नंबर तिथे तसाच राहिला असेल, तर वीज गेलेल्या रात्री इशारा भलत्याच तालुक्यात वाजेल.

पायरी ३ : चुका नोंदवायला एका मिनिटात भरून होईल असा फॉर्म बनवा

नेटवर्क बऱ्यापैकी असेल तर गुगल फॉर्म पुरतो. मेळघाट, भामरागड, एटापल्लीकडे, जिथं ‘टावरच नाही जी’ हे रोजचं उत्तर आहे, तिथं कोबो कलेक्ट हे फॉर्म भरायचं ॲप घ्या. एकदा फॉर्म फोनमध्ये उतरवला की तो नेटवर्कशिवाय भरता येतो आणि रेंज मिळाल्यावर पाठवता येतो.

प्रश्न पाचच ठेवा : कधी, कुठे, काय झालं, रुग्णापर्यंत पोचलं की आधीच अडवलं, आणि लगेच काय केलं. शक्य तिथे टिचकी मारायचे पर्याय द्या. ‘काय झालं’ हे मराठीत बोलून टाइप करता येतं, हे मावशींना आणि मामांनाही दाखवा. बिघडलेलं सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं.

भरणाऱ्याचं नाव विचारू नका. इथं एक बारीक गोम आहे. गुगल फॉर्ममध्ये फाइल अपलोडचा प्रश्न टाकला की भरणाऱ्याला स्वतःच्या गुगल खात्यातून लॉगिन करावं लागतं. ‘एका व्यक्तीला एकदाच भरता येईल’ ही सेटिंग चालू केली तरी तेच. लॉगिन मागितलं की रात्रपाळीची नवी सिस्टर फोन खाली ठेवते. दोन्ही बंद ठेवा, ईमेल गोळा करणंही बंद करा.

फॉर्मचा क्यूआर कोड छापून औषधाच्या कपाटावर आणि ड्युटी रूममध्ये चिकटवा. साहेबांच्या केबिनबाहेर नको.

पायरी ४ : घड्याळाचं काम फोनकडे द्या

सर्पदंशाचंच घ्या. रक्त गोठतंय का हे पाहायला कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं असतं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणानं धुतलेलीही नाही. निकाल फसवा येतो. गर्दीच्या कॅज्युअल्टीत ती २० मिनिटं कधी १२ होतात, कधी ४०. फोनचा टायमर लावा आणि वेळ केसपेपरवर लिहा. ॲप म्हणावं असं यात काही नाही, पण उपयोग कुठल्याही ॲपइतका.

प्रतिविष दिल्यावर तीच चाचणी सहा तासांनी पुन्हा करायची असते. तोवर पाळी बदललेली असते. अलार्म सिस्टरच्या स्वतःच्या फोनवर लावला असेल तर तो तिच्या घरी वाजेल. म्हणून वॉर्डचा म्हणून एक साधा फोन घ्या, चार्जरसकट जागा ठरवा, आणि पाळी देताना रुग्णांबरोबर चालू अलार्मही सांगायची सवय लावा. याच फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रतिविषाच्या कुप्यांची मुदत टाका, मुदतीच्या तीन महिने आधीची आठवण लावून. एका रुग्णाच्या पहिल्या डोसलाच १० कुप्या लागतात. रोवणीच्या तोंडावर मोजायला बसू नका.

पायरी ५ : नोंद आली की हालचाल दिसू द्या

बहुतेक ठिकाणी फॉर्म मरतो तो इथे. पहिल्या आठवड्यात नोंदी येतात, त्यांचं पुढे काय झालं ते कोणालाच कळत नाही, आणि महिनाभरात सगळं थंड पडतं. रोज सकाळी राउंडच्या आधी नोंदी वाचा. जे आजच होण्यासारखं आहे ते आजच करा, आणि काय केलं ते ड्युटी रूमच्या फळ्यावर लिहा.

समजा नोंद आली, ‘ऑक्सिटोसिन आणि मेथर्जिन एकाच ट्रेमध्ये होते, रात्री अदलाबदल होता होता राहिली.’ दोन्ही इंजेक्शनं बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायची, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला मेथर्जिन देणं धोक्याचं. कोणाची ड्युटी होती हे शोधत बसाल तर पुढची नोंद येणार नाही. दोन वेगळ्या रंगांचे ट्रे आणा, मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या लावा. फळ्यावर एक ओळ : ‘प्रसूतिकक्षात ट्रे वेगळे केले.’ खर्च किरकोळ.

या फॉर्मवरून एकदा जरी कोणाला कारणे दाखवा नोटीस गेली, तरी फॉर्म संपला समजा. हे वाक्य अधीक्षकांनी पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोलावं. मातामृत्यू, लसीकरणानंतरचा गंभीर त्रास यांची अधिकृत कळवणी मात्र ठरलेल्या वाटेनंच जाते. हा फॉर्म तिची जागा घेत नाही. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या नंबरवर कळवता येतं. तो नंबर वॉर्डच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

नोंदी सुरुवातीला वाढतील. जिल्ह्याच्या बैठकीत कोणी म्हणेल, ‘तुमच्याकडेच एवढ्या चुका कशा?’ उत्तर तयार ठेवा : बाकीचे लिहीत नाहीत.

पायरी ६ : रुग्णाची ओळख जपा

रुग्णाचा, केसपेपरचा, जखमेचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. औषधाच्या कुपीचा, तुटक्या खाटेचा खुशाल टाका. दोनशे उंबऱ्यांच्या गावात नाव न लिहिताही ‘अमुक गावची, १९ वर्षांची, पहिलटकरीण’ एवढं पुरे होतं. बस स्टँडवर पोचेपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणून फॉर्ममध्ये गाव आणि वय विचारूच नका. वॉर्डच्या फोनला लॉक ठेवा.

१७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो. बॅनरसमोर फोटो काढून झाले की त्याच दिवशी वर्षभरातल्या नोंदींपैकी तीन वाचून दाखवा, नावं नसलेल्या.

पायरी ७ : बदलीची तयारी आजच

फॉर्म तुमच्या खाजगी जीमेलवर बनवला असेल तर तुमच्या बदलीबरोबर तोही जाईल. रुग्णालयाच्या नावानं वेगळं खातं उघडा आणि इन्चार्ज सिस्टरलाही फॉर्म बदलायचा अधिकार द्या. चार्ज देताना चाव्या आणि स्टॉक रजिस्टरच्या यादीत या खात्याची एक ओळ वाढवा, पासवर्ड बंद पाकिटात द्या. नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी तो बदलून घ्यावा.