कुत्रा माया करतोय, हे कसं ओळखाल?

आमची चिंगी गावठी. संध्याकाळी गॅलरीत माझ्या पोटरीला पाठ टेकून बसते, तोंड रस्त्याकडे, शेपूट माझ्या चपलेवर. आधी वाटायचं, रुसली. खरं तर ज्याच्यावर विश्वास त्यालाच कुत्रा पाठ देतो, राखण करायची ती समोरची.

१. आधी सगळं अंग बघा. शेपूट हलली म्हणजे स्वारी खूश, हे अर्धंच खरं. मायेत कंबरेपासून मागचा भाग डोलतो, कान सैल पडतात, तोंड किंचित उघडं असतं. शेपूट उंच, ताठ आणि तोंड घट्ट मिटलेलं असेल तर हात आवरा. २००७ साली इटलीतल्या संशोधकांना दिसलं की मालक समोर आला की शेपूट कुत्र्याच्या उजव्या अंगाला जास्त झुकते. घरी मोजायला जाऊ नका, चिंगीपुढे मी हरलो.

२. चाटण्याचा अर्थ लावा. पिल्लं खाणं मागायला आईचं तोंड चाटतात, ती सवय मोठेपणीही उरते. शिवाय आपल्या घामाला मीठ असतं! पण तुमच्याजवळ असताना तो स्वतःचेच ओठ चाटतोय, जांभया देतोय, मान वळवून डोळ्यांच्या कडेचं पांढरं दाखवतोय, तर ते ‘आता पुरे’ असतं. जखम मात्र कुठल्याच कुत्र्याला चाटू देऊ नका. रस्त्यावरच्या किंवा लस न टोचलेल्या कुत्र्याने ओरखडा चाटला, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रेबीज लाळेतून पसरतो.

३. मिठीऐवजी विचारून बघा. गळ्यात हात टाकणं ही आपली रीत. बऱ्याच कुत्र्यांना त्यात अडकल्यासारखं होतं. त्याला तुमच्याकडे येऊ द्या. छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीनेक सेकंद खाजवा आणि हात उचला. नाकाने हात ढकलला, पंजा ठेवला, आणखी रेलला, तर चालू ठेवा. जागचा हललाच नाही तर सोडून द्या. पाहुण्यांच्या मुलांना मी एवढंच शिकवतो.

४. नजर. जपानमधल्या आझाबू विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात, मालकाकडे बराच वेळ बघणारे कुत्रे आणि त्यांचे मालक या दोघांतही ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक (हार्मोन), वाढलेलं आढळलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत मात्र रोखून बघू नका.

५. एरवी लांब झोपणारा कुत्रा अचानक चिकटायला लागला, तर लाडात आलाय म्हणून हसण्यावारी नेऊ नका. कुठे दुखत असेल, कशाला तरी घाबरला असेल. एक-दोन दिवसांत फरक नाही पडला तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. चिंगी दिवाळीत अशी चिकटते. मी खिडक्या लावून घेतो, पंखा मोठा करतो आणि पायाला मुंग्या आल्या तरी हलत नाही.